प्रत्यारोपित किडनीचं काम नीट कसं मोजायचं: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"मागच्या वेळी क्रिएटिनिन १.३ होतं, आता १.६ आलंय. किडनी जातेय का?" प्रत्यारोपण झालेल्या घरांत हा प्रश्न कधी ना कधी उठतोच. क्रिएटिनिन हा किडनीने गाळून बाहेर टाकायचा पदार्थ; किडनीचं काम घटलं की रक्तातला त्याचा आकडा (इथे सगळीकडे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये) वाढतो. उत्तर देण्याआधी चार गोष्टी कळाव्या लागतात. दोन्ही वेळा लॅब एकच होती का? टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली पातळी बरोबर वेळेला घेतली होती का? मधल्या काळात जुलाब-उलट्या झाल्या का? कुठली नवी गोळी सुरू झाली का? बहुतेक वेळा यातलं काहीच लिहून ठेवलेलं नसतं. मग हा आकडा खरा की तपासणीतला गोंधळ, हे ठरवण्यातच दिवस जातात. आकडा खरा असेल तर तेवढा काळ किडनीचं नुकसान चालूच राहतं.

हा लेख रुग्णालयातून घरी आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी आणि त्यांची फाइल सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी आहे. मुलांसाठी काय वेगळं, ते शेवटी दिलंय. औषधाचा डोस बदलण्याचा निर्णय फक्त तुमच्या प्रत्यारोपण टीमचा. तो निर्णय ज्या आकड्यांवर होतो ते भरवशाचे असावेत, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

टप्पा १: आधी स्वतःचा पाया ठरवा

रिपोर्टवर छापलेली "नॉर्मल रेंज" दोन निरोगी किडन्या असलेल्या माणसांची असते. तुमच्याकडे काम करणारी किडनी एक आहे, आणि ती दुसऱ्याच्या शरीरातून आली आहे. दात्याचं वय किती होतं, किडनी बाहेर काढल्यापासून बसवेपर्यंत किती वेळ गेला, सुरुवातीला ती मंद चालली का, या सगळ्यावर तिचा स्थिर आकडा ठरतो. कुणाचा ०.९ वर टेकतो, कुणाचा १.७ वर. १.७ वर वर्षानुवर्षं स्थिर असलेली किडनी चांगली चाललेली असू शकते. उलट ०.९ वरून १.२ वर गेलेला माणूस अजून "रेंजमध्ये" दिसतो, पण त्याची चौकशी व्हायला हवी.

पाया काढायची पद्धत सोपी आहे. तब्येत ठीक असताना, एकाच लॅबमध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने केलेली लागोपाठची तीन क्रिएटिनिन घ्या. ती एकमेकांच्या जवळ असतील तर त्यांची सरासरी हा तुमचा पाया. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आकडा उतरत असतो, त्या काळातली मोजणी यात धरू नका. काढलेला आकडा डॉक्टरांना दाखवून पक्का करून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.

तपासा: त्याच पानावर लॅबचं नाव, वजन आणि त्या काळात चालू असलेल्या औषधांची यादी आहे ना? ती नसेल तर वर्षभराने या आकड्याचा अर्थ लावणं अवघड जातं.

टप्पा २: वेळापत्रक लावा, आणि बरं वाटतंय म्हणून ते मोडू नका

'केडीगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये क्रिएटिनिनसाठी हे अंतर सुचवलं आहे:

- पहिले सात दिवस किंवा घरी सोडेपर्यंत: रोज
- दुसरा ते चौथा आठवडा: आठवड्यातून दोन-तीनदा
- दुसरा आणि तिसरा महिना: आठवड्यातून एकदा
- चौथा ते सहावा महिना: दोन आठवड्यांतून एकदा
- सातवा ते बारावा महिना: महिन्यातून एकदा
- त्यानंतर: दोन-तीन महिन्यांतून एकदा

लघवीतलं प्रथिन पहिल्या महिन्यात एकदा, मग पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून किमान एकदा तपासायचं असतं. तुमच्या टीमने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा.

वेळापत्रक मोडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: "काही त्रास नाही." पण आजच्या औषधांच्या काळात रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारणं, पुष्कळदा मुकाट सुरू होतं. ताप नसतो, पोटात दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. पहिली खूण रक्ताच्या आकड्यातच दिसते. त्रास व्हायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

सुरुवातीच्या महिन्यांत घरच्या घरी वजन (सकाळी, लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर), रक्तदाब आणि ताप रोज लिहा. टीमने सांगितलं असेल तर दिवसभराची लघवीही मोजा. मात्र नुसत्या लघवीच्या प्रमाणावर विसंबू नका. ज्यांच्या मूळ किडन्या थोडी लघवी करत होत्या, त्यांची नवी किडनी मंदावली तरी लघवी होत राहते.

लक्ष द्या: दोन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढलं, लघवी एकदम कमी झाली, ताप आला किंवा किडनी बसवलेल्या जागी दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी टीमला फोन करा.

टप्पा ३: आदल्या दिवसाची तयारी

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा पदार्थ आहे. किडनी तो गाळून बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किती तयार झालं आणि किती बाहेर गेलं. आपल्याला दुसरी गोष्ट मोजायची असते, त्यामुळे पहिली शक्य तितकी स्थिर ठेवावी लागते.

१. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम किंवा अंगमेहनत टाळा. लघवीतलं प्रथिनही त्याने तात्पुरतं वाढतं.

२. शिजवलेलं मांस भरपूर खाल्लं की काही तास क्रिएटिनिन वर जातं. आदल्या रात्री नेहमीचंच जेवण घ्या.

३. पाणी रोज जेवढं पिता तेवढंच प्या. रिपोर्ट "चांगला यावा" म्हणून तपासणीआधी दोन-तीन लिटर पाणी ढोसणारे कमी नाहीत. त्यातून मिळालेला आकडा आधीच्या कुठल्याही आकड्याशी जोडता येत नाही. याच्या उलट, उपाशी राहायचं म्हणून पाणीही बंद करणं ही त्याहून वाईट चूक. शरीरातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन खरोखरच चढतं. उपाशी रक्त द्यायचं असलं तरी साधं पाणी चालतं का, हे लॅबला विचारून घ्या.

४. शरीर कमावण्यासाठी विकली जाणारी क्रिएटिनची पावडर कुणी घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. तिने क्रिएटिनिन वाढतं.

५. मागच्या तपासणीनंतर सुरू, बंद किंवा कमी-जास्त झालेली प्रत्येक गोळी कागदावर लिहा. दाताच्या डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली, काढा, चूर्ण, सगळं.

या पाचव्या मुद्द्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून तो जरा खोलात पाहू. औषधं आकडा तीन वेगवेगळ्या वाटांनी बदलतात.

पहिली वाट दिखाऊ वाढीची. कोट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकातलं ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनला लघवीत उतरू देत नाही. रक्तातला आकडा वाढतो, पण किडनीची गाळण्याची ताकद तेवढीच असते. हे औषध प्रत्यारोपणानंतर न्यूमोसिस्टिस या बुरशीचा फुफ्फुसातला संसर्ग टाळायला अनेकांना दिलं जातं, त्यामुळे ते सुरू किंवा बंद झाल्याची तारीख टिपून ठेवणं महत्त्वाचं. सिमेटिडीन हे अॅसिडिटीचं औषधही असंच वागतं.

दुसरी वाट खऱ्या नुकसानीची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा घटवतात. गुडघेदुखीसाठी चार दिवस घेतलेली गोळी क्रिएटिनिन चढवू शकते. टीमला विचारल्याशिवाय त्या घेऊच नका.

तिसरी वाट टॅक्रोलिमसमार्गे जाते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम ही औषधं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतात, आणि जास्त टॅक्रोलिमस किडनीला बाधतं. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ती पातळी पाडतात आणि रिजेक्शनला वाट मोकळी होते. ग्रेपफ्रूट हे फळही पातळी वाढवतं. जुलाब लागले तरी टॅक्रोलिमसची पातळी वर जाऊ शकते. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असतंच, म्हणजे किडनीवर दोन बाजूंनी ताण येतो.

टप्पा ४: तपासणीच्या सकाळचा क्रम

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या जवळजवळ सगळ्या घड्याळाच्या असतात.

दिवसातून दोनदा घ्यायच्या टॅक्रोलिमसची जी पातळी डॉक्टर पाहतात तिला ट्रफ लेव्हल म्हणतात. पुढचा डोस घ्यायच्या ऐन आधी, म्हणजे आदल्या डोसनंतर १२ तासांनी, रक्तात जेवढं औषध उरलेलं असतं ती पातळी. दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराला हेच अंतर २४ तासांचं.

१. आदल्या संध्याकाळचा डोस कोणत्या वेळी घेतला ते लिहा. समजा रात्री ९.

२. सकाळी टॅक्रोलिमस घेऊ नका. डबीतली गोळी सोबत घेऊन निघा. रक्तदाबाच्या आणि इतर गोळ्यांचं काय करायचं ते टीमला आधीच विचारलेलं असू द्या. "तपासणी आहे" म्हणून सगळ्याच गोळ्या बंद ठेवणं ही वेगळी चूक.

३. रक्त ९ वाजता दिलं जाईल अशा बेताने लॅबमध्ये पोचा. गर्दीत ११.३० वाजले तर अंतर साडेचौदा तासांचं होतं आणि पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते. साडेसातलाच रक्त दिलं तर जास्त दिसते.

४. टॅक्रोलिमससाठीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात, क्रिएटिनिनसाठीची नळी वेगळी असते. एकच नळी भरली जात असेल तर विचारा.

५. रक्त दिल्याची नेमकी वेळ फॉर्मवर लिहून घ्या. आदल्या डोसची वेळही तिथेच लिहा.

६. रक्त दिल्या-दिल्या सकाळचा डोस घ्या. घरी जाऊन, नाश्ता करून, मग आठवलं तर, असं नको.

लक्ष द्या: चुकून गोळी घेऊन लॅबमध्ये आलात तर ते लपवू नका. गोळीनंतर एक-दोन तासांत पातळी शिखरावर असते. तो आकडा ट्रफ समजून डोस कमी केला गेला तर किडनी रिजेक्शनपुढे उघडी पडते. अशा दिवशी क्रिएटिनिन आणि बाकीच्या तपासण्या देऊन टाका, टॅक्रोलिमससाठी दुसऱ्या दिवशी या.

डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी पातळी करून उपयोग नाही, टॅक्रोलिमस स्थिरावायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. सिरोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाला एक-दोन आठवडे. सायक्लोस्पोरिन (हेही त्याच कामाचं औषध) घेणाऱ्यांना काही टीम डोसनंतर बरोबर दोन तासांनी पातळी करायला सांगतात. तिथे गोळी घेऊनच यायचं असतं आणि पंधरा मिनिटांचा फरकही महागात पडतो. म्हणून आपल्याला नेमकी कुठली पातळी सांगितली आहे, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली गेली असेल तर तेही टीमला कळवा. बदलानंतर पातळी पुन्हा पाहावी लागते.

टप्पा ५: लघवीचा नमुना

क्रिएटिनिन ठीक असतानाही लघवीतून प्रथिन जायला लागलेलं असू शकतं. प्रत्यारोपित किडनीच्या जाळीला इजा होते आहे याची ही लवकरची खूण, म्हणून रक्ताइतकाच लघवीचा नमुना मोलाचा.

सकाळची पहिली लघवी घ्या. आधी जागा स्वच्छ धुवा, सुरुवातीची थोडी धार जाऊ द्या, मधली धार बाटलीत धरा. नमुना लवकर लॅबला पोचवा. ताप असताना, लघवीत जंतुसंसर्ग असताना, मासिक पाळीत किंवा जोराच्या व्यायामानंतर घेतलेल्या नमुन्यात प्रथिन उगाच जास्त दिसतं. तसं काही असेल तर तारीख पुढे घ्या, नाहीतर निदान फॉर्मवर लिहा.

नुसत्या पट्टीवरच्या "ट्रेस" किंवा "एक प्लस"वर थांबू नका. पाणी जास्त प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ असते आणि पट्टी खोटं समाधान देते. प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या. त्याचा हिशोब घरीही पडताळता येतो. लघवीतलं प्रथिन २४ मिग्रॅ/डेसिलिटर आणि लघवीतलंच क्रिएटिनिन ८० मिग्रॅ/डेसिलिटर असेल, तर २४ ÷ ८० = ०.३, म्हणजे एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३०० मिग्रॅ प्रथिन. १५० च्या खाली असणं अपेक्षित असतं.

तपासा: रिपोर्टमध्ये एकूण प्रथिनाचं गुणोत्तर आहे की त्यातल्या एकट्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं? दोन्हींचे आकडे वेगळे येतात. मागच्या वेळी एक आणि या वेळी दुसरं करून वाढलं-घटलं म्हणणं चूक.

टप्पा ६: २४ तासांची लघवी, सांगितली असेल तरच

ही तपासणी प्रत्येक भेटीला लागत नाही. स्नायू फार कमी किंवा फार जास्त असलेल्यांमध्ये, अवयव कापावा लागलेल्यांमध्ये, किंवा रक्तातल्या आकड्यावर भरवसा वाटत नसताना डॉक्टर ती सांगतात. कागदावर सोपी दिसते, पण प्रत्यक्षात ती फार वेळा वाया जाते.

१. लॅबमधून मोठा कॅन आणा. त्यात आधीच आम्ल घातलेलं असेल तर ते सांडू नका, हाताला लागू देऊ नका. थेट कॅनमध्ये लघवी न करता वेगळ्या भांड्यात करून ओता.

२. सुरुवातीच्या सकाळी, समजा ७ वाजता, पूर्ण लघवी करा आणि ती टाकून द्या. घड्याळ इथून सुरू.

३. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. दिवसाचा, रात्रीचा, बाहेर असतानाचा. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी धरून घ्या, बहुतेकांची गळती इथेच होते.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पुन्हा पूर्ण लघवी करा आणि ती कॅनमध्ये घाला. घड्याळ थांबलं.

५. कॅन या काळात थंड जागी, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. नंतर अख्खा कॅन लॅबला द्या. थोडी लघवी बाटलीत नेऊन "एकूण दीड-दोन लिटर असेल" असं अंदाजाने सांगू नका.

६. रक्तातलं क्रिएटिनिन याच २४ तासांत झालं पाहिजे.

हिशोब असा: लघवीतलं क्रिएटिनिन × एकूण लघवी (मिलिलिटर) ÷ (रक्तातलं क्रिएटिनिन × १४४०). १४४० म्हणजे २४ तासांची मिनिटं. लघवीतलं क्रिएटिनिन ८०, लघवी १८०० मिली, रक्तातलं क्रिएटिनिन १.४ असेल तर ८० × १८०० ÷ (१.४ × १४४०) = मिनिटाला सुमारे ७१ मिली.

आता याच माणसाने दोन-तीन वेळची मिळून ६०० मिली लघवी कॅनबाहेर जाऊ दिली असती तर? कॅनमध्ये १२०० मिली, आणि उत्तर सुमारे ४८. किडनी तीच, रक्त तेच, पण कागदावर तिचं एक तृतीयांश काम नाहीसं झालं. पहिली लघवी टाकायची राहिली की याच्या उलट होतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

तपासा: नमुना पूर्ण होता का, हे रिपोर्टवरूनच कळतं. दिवसभरात बाहेर पडलेलं एकूण क्रिएटिनिन वजनाने भागा. प्रौढ पुरुषांत किलोमागे साधारण २० ते २५ मिग्रॅ, स्त्रियांत १५ ते २० मिग्रॅ अपेक्षित असतं, वयस्कर आणि अशक्त माणसांत त्याहून कमी. वरच्या उदाहरणात १८ डेसिलिटर × ८० = १४४० मिग्रॅ. ७० किलोच्या पुरुषाला किलोमागे २०.६, म्हणजे ठीक. १२०० मिलीच्या वेळी ९६० मिग्रॅ, किलोमागे १३.७. असा आकडा दिसला की आधी नमुन्यावर संशय घ्या. मध्येच एखादी वेळ चुकली तर सांगून टाका आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. थोडं क्रिएटिनिन किडनीच्या नलिकांमधून वेगळं लघवीत उतरतं, त्यामुळे पूर्ण नमुन्यावरही ही पद्धत गाळण्याची ताकद खरीपेक्षा जरा जास्त दाखवते.

टप्पा ७: रिपोर्ट वाचा, पण या क्रमाने

आधी एकक पाहा. १ मिग्रॅ/डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल/लिटर. "क्रिएटिनिन १२४" वाचून छातीत धस्स होण्याआधी एकक पाहिलं तर तो नेहमीचा १.४ निघतो.

मग लॅब आणि पद्धत पाहा. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, जाफे आणि एन्झायमॅटिक. जाफे पद्धतीत रक्तातले कीटोन आणि काही प्रतिजैविकं आकडा फसवू शकतात. एकाच लॅबला चिकटून राहा, असं सारखं सांगितलं जातं ते यासाठी.

त्यानंतर ईजीएफआर. हा मोजलेला आकडा नसतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून सूत्राने काढलेला, किडनी मिनिटाला किती मिली गाळते याचा अंदाज असतो. त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

क्रिएटिनिन सारखं असलं म्हणून काम सारखं नसतं. सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्राने ४५ वर्षांच्या पुरुषाला १.४ वर ईजीएफआर ६३ येतो, त्याच वयाच्या स्त्रीला ४७. शेजारच्या पलंगावरच्या माणसाशी क्रिएटिनिनची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

सूत्र बदललं की आकडा बदलतो. याच पुरुषाला २००९ च्या सूत्राने ६० येतो. एका लॅबचा ६३ आणि दुसरीचा ६० पाहून "तीनने घसरला" असं म्हणू नका. रिपोर्टवर सूत्राचं नाव नसेल तर क्रिएटिनिनवरून स्वतः कॅल्क्युलेटरवर, दर वेळी त्याच सूत्राने काढा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. क्रिएटिनिन खालच्या पातळीवर असताना झालेली छोटी वाढ मोठं नुकसान सांगते. याच पुरुषाचं क्रिएटिनिन ०.९ वरून १.२ झालं तर ईजीएफआर १०७ वरून ७६ वर येतो. २.९ वरून ३.२ झालं तर २६ वरून २३ वर. दोन्हीकडे वाढ ०.३ चीच. म्हणून "एवढंसंच तर वाढलंय" हे वाक्य ज्यांची किडनी उत्तम चालली आहे त्यांच्यासाठीच सगळ्यात धोक्याचं.

लक्ष द्या: क्रिएटिनिन रोज बदलत असेल, म्हणजे ऑपरेशननंतरचे पहिले दिवस, रिजेक्शन, डायलिसिस चालू असणं, तर ईजीएफआर काढूच नका. सूत्र स्थिर आकडा गृहीत धरतं. आणि १०० ची अपेक्षा धरू नका. एका किडनीवर ५०-६० ला स्थिर असणं हे चांगलं चाललेलं प्रत्यारोपण असू शकतं.

स्नायू फार झडलेल्या माणसात क्रिएटिनिन फसवं कमी दिसतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी मदतीला येते, ती स्नायूंवर अवलंबून नसते. पण स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार, शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) आणि लठ्ठपणा तिच्यावर परिणाम करतात, आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांत स्टेरॉइड नेहमीचंच. दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

टप्पा ८: आकडा वाढलेला दिसला तर

०.१ इकडे-तिकडे होणं रोजच्या चढउतारात मोडतं. पायापेक्षा सुमारे २५ टक्के किंवा ०.३ ने वाढ झाली तर ती गांभीर्याने घ्या. तुमच्या टीमने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच खरी.

१. टीमला त्याच दिवशी कळवा. पुढचे मुद्दे बोलताना समोर असू द्या, पण ते जमेपर्यंत फोन थांबवू नका.

२. जुलाब, उलटी, ताप, लघवीला जळजळ, पाणी कमी पिणं, यातलं काही झालं का?

३. नवी गोळी? टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. ती स्वतःहून बंद करू नका, सुरू केल्याची तारीख सांगा.

४. एखादा डोस चुकला का? हे स्पष्ट सांगा. ते लपवल्याने उपचार चुकीच्या दिशेने जातात.

५. टॅक्रोलिमसची पातळी किती, आणि ती खरोखर ट्रफ होती का?

६. सांगतील तेव्हा, सहसा एक-दोन दिवसांत, त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी.

या वेळी होणारी सगळ्यात घातक चूक म्हणजे "आधी दुसऱ्या लॅबमध्ये करून बघू, मग तिसऱ्या". तीन लॅबचे तीन आकडे हातात येतात, आणि कुठलाच पायाशी जुळवता येत नाही.

टप्पा ९: कारण शोधायच्या तपासण्या

क्रिएटिनिन काम घटल्याचं सांगतं, का घटलं ते सांगत नाही. पाणी कमी पडल्याचं कारण बाजूला पडलं की साधारण सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) येतं. लघवीची वाट अडली आहे का, किडनीभोवती द्रव साठला आहे का, रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का, हे त्यात दिसतं. मूत्राशय तुडुंब भरलेलं असताना प्रत्यारोपित किडनी थोडी फुगलेली दिसू शकते, म्हणून तशी नोंद आली तर लघवी करून पुन्हा पाहायला सांगा. डॉपलरमधला रेझिस्टिव्ह इंडेक्स (रक्तप्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा आकडा) वाढलेला असला तरी एकट्या त्यावरून रिजेक्शनचं निदान होत नाही.

रक्तात बीके विषाणू आणि दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी पाहिल्या जातात. विषाणूची तपासणी टाळून चालत नाही. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती आणखी दाबायची असते, बीके विषाणूने किडनीला इजा केली असेल तर ती औषधं कमी करायची असतात. उपचार अगदी उलटे.

कारण सापडलं नाही आणि आकडा उतरला नाही, किंवा नव्याने प्रथिन जायला लागलं, तर बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. तिला घाबरून महिनाभर टोलवाटोलवी करणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की नेमकं निदान हातात देणारी ही तपासणी आहे. प्रत्यारोपित किडनी ओटीपोटात, त्वचेच्या जवळ असते. उताणं झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई घालतात. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काहीही चालू असेल तर तारीख ठरतानाच सांगा. रक्तदाब आटोक्यात हवा. नंतर काही तास पडून राहायचं आणि लघवीचा रंग पाहायचा. लाल लघवी किंवा गाठी दिसल्या, किंवा लघवी अडली, तर लगेच बोलवा.

अगदी अचूक आकडा हवा असेल तेव्हा आयोहेक्सॉल किंवा डीटीपीए यांसारखं किडनीतून गाळलं जाणारं द्रव्य शरीरात सोडून, ते रक्तातून किती वेगाने निघून जातं यावरून गाळण्याची गती प्रत्यक्ष मोजतात. रक्ताचे नमुने ठरलेल्या मिनिटाला घ्यावे लागतात, म्हणून तेवढा वेळ मोकळा ठेवा. अंगावर सूज असेल तर उत्तर बिघडतं, हे आधीच सांगा.

मूल लहान असेल तर

प्रौढांचं सूत्र मुलांना लावू नका. मुलांसाठी श्वार्ट्झचं सोपं सूत्र वापरतात: ०.४१३ × उंची (सेंटिमीटर) ÷ क्रिएटिनिन. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.८ असेल तर सुमारे ६२. उंची दर वेळी नव्याने मोजा, जुन्या फाइलमधली घालू नका.

लहान मुलाला मोठ्या माणसाची किडनी बसवलेली असेल तर आणखी सावध राहावं लागतं. त्या शरीरात स्नायू थोडे आणि गाळणारी किडनी मोठी, त्यामुळे किडनीचं बरंच काम गेलं तरी क्रिएटिनिन फारसं हलत नाही. अशा मुलात ०.३ वरून ०.५ झालेला आकडा रिपोर्टवर ठळक अक्षरात येणार नाही, लॅबचा फोनही येणार नाही. तो तुम्हालाच टिपायचा आहे आणि त्याच दिवशी टीमपर्यंत पोचवायचा आहे.